शेंदरी बोंडअळीचे पाखरू : नाव कोणी दिले, नुकसान कोणी सोसले?

वऱ्हाडातील आपल्या समाजात असे घर शोधूनही सापडणार नाही, की ज्या घरातील आई, मावशी, काकू किंवा वहिनी कधी ना कधी कापूस वेचायला गेली नाही. अमरावती असो की अकोला, दर्यापूर असो की मूर्तिजापूर, दिवाळीच्या आगेमागे सकाळीच भाकरी बांधून आपल्या माय-बहिणी वावराची वाट धरतात. कमरेला ओटी बांधायची आणि उन्हं कलेपर्यंत तासातासाने पुढे सरकत राहायचे. मजुरी ठरते ती किलोवर. बोंड चांगले फुटलेले असेल तर हात भरभर चालतो. बोंड किडके निघाले तर कापूस चिकटलेला, पिवळा पडलेला, चिमटीने ओढून काढावा लागतो. तीच कवडी. दिवस तेवढाच जातो, पाठ तेवढीच मोडते, पण संध्याकाळी काट्यावर वजन भरत नाही. म्हणजे किडीने शेतकऱ्याचे पीक खाल्ले की त्याबरोबर मजूरबाईची मजुरीही खाल्ली, हा हिशेब कोणत्याही सरकारी तक्त्यात मांडलेला दिसत नाही.

ही कीड म्हणजे शेंदरी बोंडअळी. हल्ली वर्तमानपत्रांतून तिला गुलाबी बोंडअळी म्हणतात. अळी सर्वांनी पाहिली आहे, पण अळी ज्याचे लेकरू आहे ते पाखरू फार थोड्यांनी पाहिले असेल. कारण ते रात्री उडते आणि दिवसा पाचोळ्यात, मातीच्या भेगांत दडून बसते. पंख पसरले तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १२ ते २० मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या नखाएवढेच. रंग मातकट राखाडी, पुढच्या पंखांवर काळपट डाग, मागच्या पंखांच्या कडेला बारीक केसांची झालर. एवढ्याशा जिवाने जगातील कापूस पिकवणाऱ्या देशांची झोप उडवली. या पाखराला शास्त्रात नाव कसे मिळाले, एखादी नवी जात जगासमोर कशी आणली जाते आणि त्यातून आपण कष्टकऱ्यांनी काय शिकावे, हे या लेखात सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

भडोचचे पाखरू लंडनच्या कागदावर

गोष्ट ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्यातील आहे. इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस हवा होता आणि तो हिंदुस्थानातून जास्तीत जास्त कसा मिळेल याची कंपनीला घाई होती. गुजरातेत भडोचला सरकारी कापूस लागवडीचे प्रयोग चालू होते. १८४२च्या सुमारास तेथे बोंडात शिरून सरकी खाणारी एक अळी आढळली. तिच्यापासून निघालेली पाखरे लंडनला पाठविण्यात आली. तेथे विल्यम विल्सन सॉन्डर्स या गृहस्थाने ती तपासली, तिचे वर्णन लिहिले आणि १८४३-४४ मध्ये लंडनच्या कीटकशास्त्र संस्थेच्या ग्रंथमालेत हिंदुस्थानातील कापसाचा नाश करणाऱ्या पाखराचे वर्णन म्हणून ते छापले गेले. त्याने नाव दिले 'डिप्रेसारिया गॉसिपिएला'. गॉसिपियम म्हणजे कापूस. म्हणजे नावातच कापसाचे नाते आले.

सॉन्डर्स हा काही विद्यापीठाचा प्राध्यापक नव्हता. तो लंडनमध्ये जहाजांच्या विम्याचा व्यवसाय करीत असे. तरुणपणी, १८३०मध्ये, इंजिनिअर म्हणून तो हिंदुस्थानात येऊन गेला होता, पण लवकरच ती नोकरी सोडून परत गेला. विम्याचे आकडे सांभाळून उरलेल्या वेळात त्याने किडे जमवले, झाडे जमवली, अभ्यास केला आणि त्या कीटकशास्त्र संस्थेचा अध्यक्षही झाला. कारकुनी करणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे ध्यानात घ्यावे. विज्ञान हे फक्त मोठ्या पगाराच्या लोकांचे काम नाही. ज्याला पाहण्याची, लिहिण्याची आणि नीट नोंद ठेवण्याची सवय आहे, त्याचे ते काम आहे. अर्थात त्याच्याजवळ पैसा होता, मोकळा वेळ होता आणि राज्य त्याच्या देशाचे होते, हेही विसरून चालणार नाही.

पुढे १९१७मध्ये ऑगस्ट बस्क या अमेरिकेतील शास्त्रज्ञाने हे पाखरू पुन्हा बारकाईने तपासले. त्याला दिसले की सॉन्डर्सने त्याला ज्या कुळीत बसवले होते ती त्याची कुळी नव्हे. म्हणून त्याने 'पेक्टिनोफोरा' ही नवी प्रजाती केली. त्याचा अर्थ फणी बाळगणारी. आज जगभर या पाखराचे शास्त्रीय नाव 'पेक्टिनोफोरा गॉसिपिएला' असे आहे आणि त्यापुढे कंसात सॉन्डर्सचे नाव लिहितात. कंसाचा अर्थ असा, की जातीचे पहिले वर्णन याने केले, पण प्रजातीचे नाव मागाहून बदलले. मूळ वर्णन करणाऱ्याचा मान नाव बदलले तरी राहतो. नियम चांगला आहे.

ही माहिती आम्ही वेचणीला जाणाऱ्या काही उपासिकांना सांगितली, तेव्हा त्यांतील एक वयस्क बाई म्हणाल्या, "भाऊ, हे अळी काय त्या साहेबानं पैल्यांदा पायली? माह्या मायच्या जमान्यापासून आमी बोंडात पायत आलो. मंग नाव त्यायचंच कायले?"

प्रश्न बिनतोड आहे. पाहिले तर आपल्यांनी आधी पाहिले असेल. पण पाहिलेले लिहिले गेले नाही. ज्यांच्या हाती अक्षर येऊ दिले नाही त्यांचे पाहणे वाऱ्यावर गेले आणि ज्यांच्या हाती कागद होता त्यांचे पाहणे शास्त्र झाले. आपल्या समाजाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. नावासाठी काय किंमत मोजावी लागते हे नामांतराच्या लढ्याने आपल्याला शिकवले आहे. १४ जानेवारी १९९४ला मराठवाडा विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचे नाव जोडले गेले, तोवर किती घरे जळाली आणि किती जीव गेले! नाव ही किरकोळ बाब नसते.

नवी जात 'नवी' कशी ठरते?

पुष्कळांना वाटते की वेगळे दिसणारे पाखरू सापडले, त्याला आवडीचे नाव दिले, की झाले. तसे नसते. प्राण्यांना शास्त्रीय नावे देण्याची आजची शिस्त कार्ल लिनीयस या स्वीडिश शास्त्रज्ञाच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून मोजतात. दोन शब्दांचे नाव. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. ही शिस्त आज सर्व देश पाळतात.

नवी जात जाहीर करण्याच्या पायऱ्या साधारण अशा असतात. प्रथम, सापडलेले पाखरू आजवर वर्णन झालेल्या जवळच्या सर्व जातींशी ताडून पाहायचे. एकट्या भारतात पतंगांच्या नोंदलेल्या जाती १० हजारांच्या वर आहेत, तेव्हा हे काम किती किचकट असेल याची कल्पना येते. लहान पाखरे तर बाहेरून इतकी सारखी दिसतात की पंखांवरील डागांवर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे जननअवयव तपासतात. त्यांची घडण जातीजातीत निराळी असते. अलीकडे डीएनएचीही तपासणी करतात.

मग एक नमुना 'आदर्श नमुना' म्हणून निवडतात. त्या जातीचे नाव कायमचे त्या एका नमुन्याला बांधलेले असते. पुढे शंभर वर्षांनी कोणाला शंका आली तर त्याने तोच नमुना उघडून पाहायचा. म्हणून तो घरी ठेवून चालत नाही, संग्रहालयात जमा करावा लागतो. आपल्याकडे कलकत्त्याला १९१६मध्ये स्थापन झालेली भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था आहे, तिचे एक केंद्र पुण्यात आहे. मुंबईत १८८३पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आहे. शेवटी वर्णन, मोजमापे, चित्रे आणि नाव हे सर्व प्रसिद्ध करायचे. प्रसिद्ध केल्याशिवाय नाव ग्राह्य धरत नाहीत. दोघांनी एकाच जातीला दोन नावे दिली असतील तर ज्याचे आधी प्रसिद्ध झाले त्याचे टिकते. तेथे साहेब आणि शिपाई असा भेद नाही. तारीख पाहिली जाते.

चिठ्ठी खोटी तर शास्त्र आंधळे

या सर्वांत सर्वांत लहान, पण सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे नमुन्याला लावलेली चिठ्ठी. गाव, तारीख, कशावर सापडले आणि कोणी पकडले, एवढाच मजकूर. चिठ्ठी नसेल तर हजार रुपयांचा नमुना कचऱ्याच्या मोलाचा. आणि चिठ्ठी खोटी असेल तर त्याहून वाईट.

याचे उदाहरण पाखरातील नसून पक्ष्यातील आहे, पण ते आपल्या भागाशी निगडित आहे. रानपिंगळा नावाचे लहान घुबड १८७३मध्ये जगाला माहीत झाले. १८८४नंतर त्याचा पत्ता लागेना. एका नामवंत इंग्रज पक्षीसंग्राहकाने, रिचर्ड माइनर्ट्झहागेन याने, आपण १९१४मध्ये तो गुजरातेत मिळवला असे लिहून ठेवले होते. अभ्यासकांनी त्या पत्त्यावर शोध घेतला, पक्षी मिळाला नाही. पुढे उघड झाले की त्या गृहस्थाने दुसऱ्याचा नमुना चोरून त्यावर आपली खोटी चिठ्ठी लावली होती. खऱ्या चिठ्ठ्यांवरून शोध सुरू झाला तेव्हा नोव्हेंबर १९९७मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा सापडला आणि त्यानंतर आपल्या मेळघाटातही तो आढळला. मोठ्या माणसाने लिहिले म्हणून खरे, असे मानल्याचा हा परिणाम.

तथागतांनी कालामांना नेमके हेच सांगितले होते. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात लिहिले म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. कालामसुत्त हे आपल्या विहारात पठणापुरते राहू नये. वावरात आणि शाळेच्या प्रयोगशाळेतही त्याचा उपयोग आहे.

पाखराचा जन्मक्रम

आता पुन्हा शेंदरी अळीकडे वळू. मादी पाखरू पात्यांवर, फुलांवर आणि कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. एक मादी शंभरावर अंडी घालू शकते. चार-पाच दिवसांत अंड्यातून पांढुरकी, काळ्या डोक्याची अळी निघते आणि थोड्याच वेळात फुलात किंवा बोंडात शिरते. शिरल्याचे छिद्र बुजून जाते, त्यामुळे बोंड वरून साजरे दिसते. आत सरकी पोखरली जात असते. फुलात शिरली तर पाकळ्या एकमेकींना चिकटून फूल गुलाबाच्या कळीसारखे मिटलेले राहते. त्यालाच डोमकळी म्हणतात. अळी मोठी होताना शेंदरी रंग धरते, मग बाहेर पडून जमिनीत किंवा पाचोळ्यात कोष करते. आपल्याकडच्या उष्णतेत अंड्यापासून पाखरापर्यंतचा फेरा साधारण महिना-सव्वा महिन्यात पुरा होतो. हंगामात असे अनेक फेरे होतात.

तिचा खरा डाव हंगाम संपताना दिसतो. शेवटच्या पिढीतील अळ्या दोन सरक्या एकमेकींना चिकटवून आत झोपी जातात आणि कित्येक महिने अन्नावाचून तशाच राहतात. सरकी जेथे जाईल तेथे ही अळी गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानातून गेलेल्या सरकीबरोबर ती इजिप्तला पोचली, तेथून मेक्सिकोत आणि १९१७मध्ये अमेरिकेच्या टेक्सास राज्यात. अमेरिकेने मात्र शंभर वर्षे पिच्छा सोडला नाही. सर्व शेतकऱ्यांनी एकाच वेळी पऱ्हाटी नष्ट करणे, कामगंध सापळे, बीटी वाण आणि प्रयोगशाळेत वांझ केलेली कोट्यवधी पाखरे हवेत सोडणे असे सर्व उपाय एकत्र करून २०१८मध्ये त्या देशाने ही कीड आपल्या कापसातून हद्दपार झाल्याचे जाहीर केले.

आपल्याकडे काय घडले?

आपल्या देशात २००२मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि २००६मध्ये दोन जनुकांचे बीटी आले. बोंडअळी गेली असा गाजावाजा झाला. बियाण्याच्या पाकिटासोबत साध्या कापसाची एक छोटी पुडी मिळत असे. ती शेताच्या कडेने पेरायची, म्हणजे त्यावर वाढलेली साधी पाखरे बीटीला पचवणाऱ्या पाखरांशी संकर करतील आणि अळी धीट होणार नाही, असा त्यामागे विचार होता. पण त्या पुडीचे महत्त्व कोणी समजावले नाही आणि बहुतेक ठिकाणी ती पेरली गेली नाही. जास्त मुदतीचे वाण आणि ओलिताची सोय असेल तेथे फरदड, यामुळे अळीला वर्षभर घर मिळाले. गुजरातेत २०१०च्या आधीच ती पहिल्या जनुकाला पुरून उरली, पुढे दुसऱ्यालाही. २०१७च्या हंगामात विदर्भात काय हाहाकार झाला हे वेगळे सांगायला नको.

त्याच २०१७मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २०हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले. उंच वाढलेली पऱ्हाटी, दमट उकाडा, दोन-तीन औषधे एकत्र कालवलेली, तोंडाला फडके नाही, हातात मोजे नाहीत. आणि पंप पाठीवर घेणारा बहुधा दुसऱ्याच्या वावरात रोजाने गेलेला. अळी बोंडाच्या आत सुरक्षित आणि विष माणसाच्या अंगावर!

येथेही चिठ्ठीच महत्त्वाची ठरते. औषधाच्या प्रत्येक डब्यावर तिरक्या चौकोनात रंगाचा त्रिकोण छापणे कायद्याने बंधनकारक आहे. लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि सर्वांत कमी विषारी हिरवा. ज्याला वाचता येत नाही त्यालाही रंग कळतो. लाल त्रिकोण दिसला तर पुढे होण्याआधी मालकाला मोजे, तोंडबांधणी आणि पूर्ण कपडे मागा. वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नका. उपाशीपोटी जाऊ नका. चक्कर, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी आली तर ताबडतोब काम थांबवा, कपडे बदला, साबणाने अंग धुवा आणि दवाखान्यात जाताना औषधाचा डबा सोबत न्या. डॉक्टरला विषाचे नाव कळले तर उपचार लवकर होतो.

पंचशील आणि अळी

विहारात हा विषय निघाला की मुले हमखास विचारतात, "पाणातिपाता वेरमणी म्हणतो, मग अळी मारायची कशी?" प्रश्न प्रामाणिक आहे, त्याला टाळू नये. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. तथागतांनी अहिंसा हे तत्त्व म्हणून सांगितले, आंधळा नियम म्हणून नाही. पोट भरण्यासाठी पीक वाचवणे ही गरज आहे. पण गरज नसताना दुकानदाराच्या सांगण्यावरून आठ दिवसांनी विष ओतत राहणे, त्यात मित्रकीटक, पक्षी आणि आपला शेतमजूर भाऊ मरणे, ही गरज नव्हे, हे अज्ञान आहे.

गरज केव्हा आहे हे ठरवायला पाखरू मोजावे लागते. मादी नराला बोलावताना जो गंध सोडते तो गंध कृत्रिमरीत्या बनवून कामगंध सापळ्यात ठेवतात. हेक्टरी ५ सापळे लावून रोज सकाळी अडकलेले नर मोजायचे. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात ८ किंवा अधिक पाखरे आली, अथवा २० हिरवी बोंडे फोडली असता दोनांत अळी निघाली, तर उपायाची वेळ आली असे समजावे. डोमकळ्या दिसल्या की तोडून नष्ट कराव्या. फरदड घेऊ नये. अकोल्यातील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि नागपूरचे केंद्रीय कापूस संशोधन केंद्र या बाबतीत मार्गदर्शन करतात, तेथे जाऊन विचारायला संकोच करू नये. त्या संस्था जनतेच्या पैशाने चालतात.

टर्नर गुरुजींचा धडा

आमच्यासारख्यांनी शास्त्रज्ञ व्हावे हे जमण्यासारखे आहे का, असे कोणाला वाटत असेल तर त्याने चार्ल्स हेन्री टर्नर यांचे चरित्र ऐकावे. १८६७मध्ये अमेरिकेत एका निग्रो, म्हणजे काळ्या, कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील चर्चमध्ये झाडलोट आणि देखरेख करीत, आई रुग्णसेविका. १९०७मध्ये त्यांनी शिकागो विद्यापीठाची पीएचडी मिळवली. तरीही कातडीच्या रंगामुळे मोठ्या विद्यापीठाचे दार त्यांना उघडले नाही. मग ते सेंट लुईस गावातील काळ्या मुलांच्या शाळेत मास्तर झाले. प्रयोगशाळा नाही, मदतनीस नाही, शिकवण्याचे ओझे भरपूर. अशाही स्थितीत त्यांनी ७०हून अधिक शोधनिबंध लिहिले. मधमाशांना रंग कळतो हे प्रयोगाने दाखवले आणि १९१४मध्ये मोठ्या रेशीमपाखरांना आवाज ऐकू येतो यावर निबंध प्रसिद्ध केला. ज्या समाजाने त्यांना ऐकले नाही, त्या समाजाला त्यांनी पाखरूसुद्धा ऐकते हे सिद्ध करून दिले.

आपल्या मुलामुलींपुढे हे उदाहरण ठेवावे. मेळघाट आपल्या उशाशी आहे. अभयारण्यात परवान्याशिवाय कोणताही जीव पकडणे गुन्हा आहे, तेव्हा तेथे हात लावू नये. पण आपल्या वस्तीतल्या दिव्याखाली रात्री किती प्रकारची पाखरे येतात! अंगणात पांढरे धोतर किंवा चादर टांगावी, समोर दिवा लावावा आणि मुलांना वही द्यावी. तारीख, गाव, वेळ, हवा कशी होती, पाखराचा आकार, रंग, बसताना पंख कसे ठेवले, हे लिहायचे. चित्र काढायचे किंवा मोबाइलवर फोटो घ्यायचा. नाव माहीत नसेल तर जागा कोरी सोडायची, अंदाजाने काही भरायचे नाही. वर्षभर अशी वही लिहिणाऱ्या मुलीला प्राणीशास्त्राच्या वर्गात कोणीही मागे बसवू शकणार नाही.

तसेच ज्या बाया वीस-तीस वर्षे कापूस वेचत आहेत त्यांना विहारात बोलते करावे. कोणत्या वाणात कवडी जास्त निघते, कोणत्या महिन्यात अळी दिसू लागते, पूर्वी कोणती पाखरे होती आणि आता दिसत नाहीत, हे त्यांना तोंडपाठ आहे. शिकलेल्या पोरांनी ते बोलणे त्यांच्या नावानिशी उतरवून घ्यावे. नाव आणि तारीख घालायला विसरू नये. भडोचच्या शेतात पावणेदोनशे वर्षांपूर्वी ज्या हातांनी ते किडके बोंड प्रथम उकलले त्यांची नावे आज कोणालाही सांगता येणार नाहीत. आपल्या मायबहिणींच्या बाबतीत तसे पुन्हा होऊ देणे आता आपल्या हाती आहे, आणि न होऊ देणेही आपल्याच हाती आहे. बाबासाहेबांनी आपल्याला लेखणी दिली ती केवळ अर्ज लिहिण्यासाठी नव्हे.

येत्या वेचणीच्या हंगामात प्रत्येक विहारात अशी एक वही सुरू व्हावी, एवढीच समाजबांधवांना आणि भगिनींना आमची नम्र विनंती.

जय भीम! नमो बुद्धाय!